‘दान्कार’चं मूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. शंकरप्पांनी त्याहून अवघड काम अंगावर घेतलं होतं, इडो भाषेतल्या क्रियापदांचं मूळ शोधायचं. ही भाषा नव्वदेक वर्षांपूर्वी युरोपातल्या विद्वानांनी साऱ्या जगासाठी म्हणून मुद्दाम बनवलेली. अख्ख्या कोल्हापुरात ती एकट्या शंकरप्पांना येई, त्यामुळे बोलायची पंचाईतच होती. गारगोटीच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं हेच चाललं होतं. चारशे क्रियापदं, सात वह्या.

तीन वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांची नजर नेली. तेव्हापासून दुपारची भांडी आटोपली की त्यांची बायको निर्मलाबाई वाचायला बसत. सातवी शिकलेल्या. पत्रातलं, कोशातलं एकेक इंग्रजी अक्षर उच्चारत. शंकरप्पा शब्द जुळवत आणि मराठीतून सांगतील ते बाई वहीत उतरवत. दोघंही थकली होती. पण वही पुरी झाल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत, हा म्हाताऱ्याचा हट्ट.

शेवटचं क्रियापद उरलं ‘दान्कार’, म्हणजे आभार मानणं. परदेशातल्या पत्रमित्राला त्याचं मूळ विचारलं होतं. शिवरात्रीच्या सुमाराला उत्तर आलं. एरवी तासात उरकणारं पत्र तीन दुपारी झाल्या तरी संपेना. बाई ‘एन’ला ‘एच’ म्हणत, ओळीच्या ओळी चुकत.

“जरा लक्ष दे की!” शंकरप्पा खेकसले.

चौथ्या दुपारी एकदाचं जुळलं. “सापडलं बघ! जर्मन ‘डांकेन’ आणि इंग्रजी ‘थँक’, या दोन्हींवरनं घेतलाय. आणि ते दोन्ही आल्यात विचार करण्यावरनं. म्हंजे दुसऱ्यानं केल्यालं मनात ठेवायचं, हेच आभाराचं मूळ. लिही.”

पेन हललं नाही.

“काय झालं?”

“वहीवरची रेघ दिसंना झालीया.”

“कधीपास्नं?”

“दिवाळीत सांगितलं हुतं की तुमास्नी. संक्रांतीलाबी सांगितलं. डॉक्टरकडं जाऊया म्हटलं, तर तुमी म्हनला, एवढी वही हुंदे.”

शंकरप्पांनी आठवून पाहिलं. चारशे क्रियापदं तोंडपाठ होती, हे मात्र काही केल्या आठवेना. त्यांना स्वतःची लाज वाटली.

“मला ध्यानात न्हाय गं,” ते म्हणाले.

“असूंदे.” बाईंच्या आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. “मूळ काय म्हनला? परत सांगा. अंदाजानं लिवते.”

शंकरप्पांना ते परत सांगवेना.