एकशे ऐंशीपैकी एकेचाळीस

“त्रिवेणीबाई, ओमकारचा फोटो माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर घ्या. खाली लिहा, वाहन उद्योगात नोकरी.”

“सर, तो सिकंदराबादला शोरूममध्ये स्कूटर विकतो.”

“मग स्कूटर वाहन नाही का?” प्लेसमेंट विभागाचे प्रमुख प्रमोद सर हसले.

त्रिवेणीबाईंना हसू आलं नाही. हैदराबादबाहेरच्या या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या एकोणीस वर्षं कारकून होत्या. पास झालेल्या मुलांना फोन करायचा, कोण कुठे लागलं ते लिहायचं. सकाळीच ओमकार म्हणाला होता, “मॅडम, माझं नाव नका छापू. लाज वाटते.”

लाज त्याला वाटत होती! ज्यांनी चार वर्षांत त्याला एकदा धड लेथ मशीनवर उभं केलं नाही, ते एसीत बसून माहितीपुस्तिका छापत होते.

तेवढ्यात मलकपेठचे नामदेवराव लेकीला, माधवीला, घेऊन आले. आज प्रवेशाचा दिवस. खोली पालकांनी भरली होती.

“बाई, भिंतीवर ब्याण्णव टक्के पोरांना नोकरी असं लिहिलंय. चार वर्षांनी पोरगी इंजिनिअर म्हणून लागेल ना? हौ का नाही, तेवढंच सांगा.”

त्रिवेणीबाईंनी पुस्तिका मिटली. “यंदा एकशे ऐंशी पोरं पास झाली. इंजिनिअरचं काम एकेचाळीस जणांना मिळालं. बाकीचे कॉल सेंटरला, दुकानात, नाहीतर घरी. यादी मीच लिहिते.”

नामदेवराव भडकले, “पोरीसमोर असं बोलतात का? वर्षभर रगडून अभ्यास केलाय तिनं!”

“म्हणूनच सांगते!” बाईंचा आवाज चढला. “एवढ्या कष्टाच्या पोरीला फसवायचं कुणी आणि का?”

“त्रिवेणीबाई, उद्यापासून तुम्ही ग्रंथालयात,” प्रमोद सर थंडपणे म्हणाले. नामदेवरावांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्यांना केबिनमध्ये नेलं. काचेतून दिसत होतं, नामदेवराव फॉर्म भरत होते.

बाई आपल्या टेबलाकडे वळल्या. रागानं, आणि त्याहून जास्त शरमेनं. ते ब्याण्णवसुद्धा त्यांच्याच हातानं टाइप झालेलं होतं. त्या ड्रॉवर उघडून आपल्या वस्तू काढू लागल्या.

माधवी अजून तिथेच उभी होती.

“मॅडम, त्या एकेचाळीस जणांनी काय वेगळं केलं होतं?”

बाईंनी वर पाहिलं. केबिनमधून सर खुणेनं मुलीला आत बोलवत होते.

ड्रॉवर तसाच उघडा ठेवून बाईंनी शेजारची खुर्ची पुढे ओढली.

“बस,” त्या म्हणाल्या.