रुमालात बांधलेली डिस्क

समईची वात सारखी करून लताबाईंनी भिंतीवरच्या जिवतीच्या कागदाला आघाडा-दुर्वांची माळ घातली आणि मायच्या खुर्चीपाशी आल्या. मायच्या डाव्या तळहातावर चिमूटभर अक्षता ठेवून त्यांनी तिची बोटं हळूच मिटवली. अक्षता खरं तर उजव्या हातात धरायच्या. पण अर्धांगाचा झटका आल्यापासून पुतळाबाईंचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असे, आणि वाचा तर साफ गेलेली. डावा हात चालेल, देव एवढा काटेकोर नसतो, असं लताबाईंनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

मग त्यांनी टीव्हीचा रिमोट उचलला.

श्रावणात रोज त्या त्या वाराची कहाणी ऐकायची, हातातल्या अक्षता कहाणी पुरी झाल्यावर देवावर वाहायच्या आणि मगच तोंडात घास घालायचा, हा माय-लेकींचा नेम गावाकडचा, नामपूरपासूनचा. तिथे माय सांगायची आणि लताबाई हूं म्हणायच्या. आता नाशकात, पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये, माय मुकी झाली होती तरी सांगायचीच. शेखरने, लताबाईंच्या मुलाने, आजीच्या साऱ्या कहाण्या तिच्या धडधाकटपणी गावी जाऊन ध्वनिमुद्रित केल्या होत्या. सोमवारची, मंगळवारची पुस्तकातही सापडतील. पण शुक्रवारची मुंगीची कहाणी कुठल्या पुस्तकात नव्हती. ती मायच्या घरातली, तिच्या सासूकडून आलेली, अहिराणीतली, आणि आज शुक्रवार.

मायचा आवाज सुरू झाला. ‘एक गाव व्हतं. तठे एक सून ऱ्हाये...’ मायने डोळे मिटले. लताबाई हूं म्हणाल्या.

आणि आवाज तुटला. टीव्हीवर काळा पडदा आला.

टक्. टक्. टक्.

लताबाईंना आधी वाटलं पाल चुकचुकली. त्यांनी सवयीने जमिनीवर बोट वाजवलं. पण आवाज देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यातून येत होता, रेशमी रुमालाच्या आतून.

त्या रुमालात डिस्क होती. जाडजूड, काळी, मोठ्या पोथीएवढी. शेखरने ती टीव्हीखाली जमिनीलगत ठेवली होती. मायचा आवाज असलेली वस्तू पायाशी, केरसुणीच्या वाटेत, हे लताबाईंना पाहवेना. म्हणून पोथी बांधतात तशी त्यांनी ती जांभळ्या रुमालात चारी टोकं जुळवून नीट बांधली, दोन्ही वायरी कोपऱ्यातून बाहेर काढल्या आणि देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवली. वरच्या कप्प्यात श्रावणभर अखंड तेवणारी समई. रोज सकाळी देवांबरोबर तिलाही हळदकुंकू.

लताबाईंनी रुमालाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. तव्याच्या कडेला लागावं तसं झालं.

‘‘अगं बाई,’’ त्या पुटपुटल्या. मायने डोळे उघडले होते. ती मूठ न उघडता लेकीकडे बघत होती.

‘‘काही नाही माय. होईल सुरू.’’

शेखर सिन्नरला कंपनीत पोचला होता. फोनमध्ये मशीनचा गोंगाट.

‘‘आई, वायर काढ आणि परत लाव. होईल गं.’’

‘‘टक्‌टक् वाजतंय रे.’’

‘‘वाजू दे. काढ आणि लाव.’’

लताबाईंनी काढली, लावली. टक् टक्. पुन्हा काढली, लावली. एकदा टीव्हीवर कहाण्यांची नावं झळकली, लताबाईंचा जीव भांड्यात पडतोय तोच नावं गेली. त्यांनी परत फोन लावला.

‘‘शेखर, दुसरीकडे कुठे आहे ना रे हे? तुझ्या त्या जुन्या कॉम्प्युटरात होतं ना?’’

गोंगाट ऐकू येत राहिला.

‘‘शेखर?’’

‘‘अगं, त्याच्या आतली डिस्क भरली होती. म्हणून सगळं बाहेरच्या डिस्कवर हलवलं. बाहेर वेगळं काढून ठेवलं की सेफ असतं असं मला... त्यातलं पुसलं मग.’’

‘‘म्हणजे एवढ्यातच आहे?’’

‘‘आई, तू घाबरू नको. निकिता येईल तेव्हा बघेल ती.’’

लताबाईंनी फोन ठेवला. घाबरू नको म्हणणाराच घाबरलेला होता, ते त्यांना आवाजावरून कळलं.

मायच्या गोळ्या टेबलावर होत्या. मधुमेहाची गोळी, मग वीस मिनिटांत जेवण, असं डॉक्टरांनी बजावलेलं. लताबाईंनी गोळीला हात लावला नाही. गोळी दिली आणि माय जेवली नाही तर? त्यांनी वाटीत मऊ भात कालवून आणला. मायने तोंड फिरवलं. डावी मूठ छातीशी घट्ट.

‘‘माय, आज चालतं गं. आजारी माणसाला सूट असते.’’

माय खिडकीकडे बघत राहिली.

मग त्यांनी छापील पुस्तक आणलं. शुक्रवारची म्हणून जी कहाणी त्यात होती ती वाचायला घेतली. दोन ओळी झाल्या आणि मायने ‘अं-अं’ असा आवाज काढला. नको. ही नको.

लताबाईंना मुंगीची कहाणी येत नव्हती का? येत होती. निदान ऐकून ऐकून आत कुठेतरी होती. पण त्यांच्या घरात एक रीत होती: सांगणारी असेपर्यंत ऐकणारीने ती सांगायची नाही. मायने स्वतः सासू गेल्यावरच पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. माय समोर बसलेली असताना आपण सांगायची म्हणजे काय मान्य करायचं, हा विचारच लताबाईंना सोसेना. आणि अहिराणी? इतकी वर्षं नाशकात राहून ती जिभेवरून घरंगळून गेली होती. भाजीवाल्याशीसुद्धा त्या ‘आहे-नाही’च बोलत.

पुन्हा टक् टक् आलं, वायर लावलेलीच राहिली होती. लताबाईंनी घाईघाईने बटण बंद केलं, रुमाल सोडला. डिस्क दोन्ही हातांत धरवेना. गरम वस्तू थंड करायची तर काय करतात बाईमाणसं? त्यांनी फ्रिजचं दार उघडलं, दुधाचं पातेलं बाजूला सरकवलं.

तेवढ्यात फोन वाजला. निकिता. त्यांची सून, शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. मधल्या सुट्टीत शेखरचा निरोप वाचून तिने फोन केला होता.

‘‘आई, डिस्क कुठे आहे आत्ता?’’

‘‘फ्रिजमध्ये ठेवतेय.’’

‘‘नका! आई, नका ठेवू! आत दव धरतं. पाणी सुटलं की संपलंच. बाहेर काढा.’’

लताबाईंनी फ्रिजचं दार लोटलं. ‘‘अजून ठेवली नाही गं.’’

‘‘हां. मग ओट्यावर ठेवा, मोकळी. कापड नको, ओला फडका नको. पंख्याखाली नुसती पडू द्या. आणि मी येईपर्यंत वायर लावू नका, कितीही वाटलं तरी. दर वेळी लावली की तिची ओढाताण होते.’’

‘‘मी दोन-तीनदा लावली.’’

‘‘असू दे. आता नका. आजी जेवल्या?’’

‘‘नाही गं. मूठ सोडत नाहीयेत.’’

‘‘मी हेडबाईंना सांगून निघते,’’ निकिता म्हणाली.

निकिता येईपर्यंत लताबाई ओट्यापाशी उभ्याच होत्या. जप करायला माळ घेतली होती, पण मणी पुढे सरकत आणि नाव मागे राही. मध्येच त्या डिस्कला बोट लावून बघत. मध्येच मायकडे. मायचा चेहरा ओढल्यासारखा दिसायला लागला होता, कपाळावर घामाचे थेंब होते. पंखा असून घाम. हा घाम त्यांना ओळखीचा होता, रात्रीच्या गोळीवर पोट रिकामं राहून साखर उतरली की यायचा तो. त्यांनी साखरपाणी केलं, चमचा मायच्या ओठाला लावला. माय ओठ मिटून. ‘‘माय, तीर्थ आहे,’’ लताबाई म्हणाल्या. श्रावणातल्या शुक्रवारी जन्मात पहिल्यांदा त्या देवाच्या नावाने खोटं बोलल्या. मायने तीन चमचे घेतले.

निकिता आली ती पर्स फेकूनच. आधी आजीची नाडी बघितली, मग ओट्याशी गेली.

‘‘निवलीय. पण रुमालात होती ना ही? समईखाली?’’

‘‘तुला माहीत होतं?’’

निकिताने खाली बघितलं. ‘‘हो. मी आल्यापासून बघतेय. याच्या बाजूला ह्या बारीक फटी आहेत ना, तेवढंच याचं नाक. तुम्ही ते बांधून टाकलेलं. पण देव्हाऱ्यातलं मी कसं हलवणार, आई? मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल.’’

‘‘अगं, देवाला नसतं वाटलं,’’ लताबाई म्हणाल्या. रागवायला त्यांच्यात त्राण नव्हतं, आणि रागवायचं तर आधी स्वतःवर.

माळ्यावरून शेखरचा जुना कॉम्प्युटर खाली आला. निकिता स्टुलावर, लताबाई खालून धरायला. पत्र्याचा डबा उघडला तर आत धुळीची गादी. निकिता पेचकस घेऊन काळ्या डिस्कच्या कडेत घुसवायला लागली. कटकन प्लास्टिक तुटलं. लताबाईंनी डोळे मिटले.

‘‘फोडलीस?’’

‘‘वरची पेटी फक्त. बघा ना.’’ आतून एक चांदीच्या रंगाची जड वडी निघाली. निकिताने तीच कॉम्प्युटरच्या डब्यात आतल्या डिस्कशेजारी सरकवली. ‘‘बाहेरची आणि आतली यात काही फरक नसतो, आई. तीच डिस्क. एकीला पंख्यासमोर बसायला मिळतं, दुसरीला बंद डब्यात कोंडून घालतात. शेखरला वाटलं बाहेर काढली म्हणजे जपली. जपायचं तर दोन जागी ठेवावं लागतं.’’

‘‘त्याला सांग हे.’’

‘‘सांगणारच आहे. जेवताना. म्हणजे उठून जाता येणार नाही.’’

लताबाईंना हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही. निकिताने डब्याची वायर टीव्हीला जोडली आणि डब्यातला पंखा घरघरायला लागला. निकिताने वरून टेबलफॅनही लावला. पडद्यावर नावं आली: सोमवार, मंगळवार, बुधवार.

‘‘आल्या!’’

‘‘श्श. आधी आतल्या डिस्कवर उतरवून घेऊ. ऐकायचं नंतर.’’

हिरवी पट्टी सरकत होती. सोमवार आला. मंगळवार आला. लताबाई प्रत्येक वाराला हात जोडत होत्या. शनिवार, रविवारही आले. शुक्रवार निकिताने मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण सकाळी तो चालू असतानाच बिघडलं होतं. शुक्रवारची पट्टी निम्म्यावर आली आणि थांबली. पंखे गरगरत राहिले. पट्टी तिथेच.

टक्. टक्.

लताबाईंनी तिचा दंड धरला होता, ते दोघींनाही नंतर कळलं. थोड्या वेळाने आतली फिरकी मंदावत गेली आणि थांबली. पडद्यावरचं नाव नाहीसं झालं. निकिताने दोनदा प्रयत्न केला, मग हात मागे घेतला.

‘‘बाकी सगळं आलं. शुक्रवारचं निम्मं आलंय, आई. उरलेलं आता माझ्याकडून नाही होणार. मोठ्या ठिकाणी पाठवून बघू, पण आज नाही.’’

आज नाही. आणि माय आज उपाशी.

‘‘आलंय तेवढं लाव,’’ लताबाई म्हणाल्या.

मायचा आवाज पुन्हा खोलीत आला, खणखणीत. ती सून रोज चूल पेटवायच्या आधी मुंग्यांच्या बिळाशी पिठाची चिमूट टाकते. सासू हिणवते, जाऊ हिणवते. मग दुष्काळ. घरात पिठाचा कण नाही. सून रिकामा हात घेऊन बिळाशी जाते, रडते. ‘‘मंग मुंगी बाहेर उनी आणि म्हने...’’

तिथे संपलं.

माय लताबाईंकडे बघत होती. मूठ छातीशी. घामाने अक्षतांचं कुंकू बोटांच्या फटीतून झिरपत होतं.

लताबाई खाली, मायच्या पायाशी बसल्या. ‘‘मुंगी म्हणाली,’’ त्यांनी सुरुवात केली, ‘‘बाई, आज तू खा. आमच्याकडे कालचं आहे.’’

मायने मान हलवली. अं-अं.

‘‘माय, असंच आहे ना ते?’’

मायचा डावा अंगठा मुठीबाहेर आला आणि स्वतःच्या ओठांवर टेकला. मग लेकीच्या ओठांवर. पुन्हा स्वतःच्या. कहाणी चुकली नव्हती. जीभ चुकली होती.

लताबाईंनी डोळे मिटले. नामपूरचं स्वयंपाकघर आठवलं, धुराने काळी झालेली भिंत, मायची मांडी, आणि ते वाक्य आलं की मायचा आवाज कसा खाली उतरायचा. रीत त्यांना आठवत होती. पण सांगणारीनेच आता त्यांच्या तोंडाला बोट लावलं होतं.

‘‘मंग मुंगी बाहेर उनी,’’ त्या हळू म्हणाल्या, ‘‘आणि म्हने, माय, आज तू खाय. आमनाजोडे कालनं शे.’’

मायच्या घशातून आवाज आला. हूं.

लताबाई थांबल्या नाहीत. शब्द अडखळत आले, काही नाशिकचे, काही नामपूरचे. मुंग्यांनी सुनेच्या दाराशी दाणा दाणा आणून टाकला, सासूने पहिली भाकरी बिळाशी ठेवली. मध्ये एक प्रसंग विसरला, मागे जाऊन घेतला. प्रत्येक ठिकाणी मायचं हूं येत होतं. शेवटी देव तिला प्रसन्न झाला तसा ऐकणाऱ्या साऱ्यांना होवो, एवढं म्हणून त्यांनी हात जोडले.

मायने मूठ उघडली. अक्षता घामट तळव्याला चिकटल्या होत्या. लताबाईंनी एकेक सोडवून जिवतीला वाहिल्या, गोळी दिली, मग भात. माय चार घास जेवली. पाचव्यालाही तोंड फिरवलं नाही.

निकिता दाराशी उभी होती, हातात फोन.

‘‘रेकॉर्ड करत होतीस?’’

‘‘हूं म्हणणाऱ्या आजींसकट,’’ ती म्हणाली. ‘‘पण सुरुवात तुमच्या आवाजात नाहीये. एकदा पहिल्यापासून सांगाल? आजींचं जेवण झाल्यावर? मी दोन जागी ठेवीन.’’

लताबाईंनी मायकडे बघितलं. मायच्या ओठांना भाताचं शीत लागलं होतं. तिचा डावा हात ताटापलीकडे, अक्षतांच्या वाटीपर्यंत पोचला होता, आणि ती बोटांनी चाचपत चिमूट भरत होती.