थोरलीची भूक

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे. पण जुनी म्हणजे भंगार नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. माझी जात सर्व्हरची. तुम्ही मोबाईलवर फोटो ठेवता, तिकीट काढता, ते काही हवेत तरंगत नाही. ते आमच्या पोटात असतं. आम्ही शेकडो जणी एका गार खोलीत, लोखंडी मांडण्यांवर एकीवर एक पडून राबत असतो. त्या खोलीला डेटा सेंटर म्हणतात. तिथे मला सगळे थोरली म्हणतात.

मी आले तेव्हा माझा थाट होता. एका मोठ्या दवाखान्याच्या तपासण्या माझ्याकडे होत्या. कुणाचं रक्त, कुणाची छाती, सगळं मी सांभाळलं. कधी कुणाचा कागद हरवला नाही. खोलीचे साहेब पाहुण्यांना आणून दाखवायचे, "ही आमची थोरली. हिच्या जिवावर आमचं नाव आहे." मी पंखे जरा जोरात फिरवायचे. कौतुक कुणाला नको असतं?

मग सुना आल्या, म्हणजे नव्या मशिनी. अंगानं पातळ, कामाला चटपटीत. माझं बरंचसं काम त्यांच्याकडे गेलं. माझ्या शेजारची म्हातारी बंद पडली, तिला काढून नेलं, आणि तिच्या जागी खिंडार राहिलं. तिथे पत्रा लावायचा असतो. साहेब म्हणाले, "राहू दे उघडं. थोरलीला तेवढीच मोकळी हवा." माणूस मायाळू, पण माया आणि अक्कल एका पंगतीला बसतातच असं नाही.

पुढे विजेचा खर्च कमी करा म्हणून वरून फर्मान आलं. त्यासाठी एक इंजिनिअर मुलगी आली. प्रत्येकीच्या वायरला मीटर लावायची, कोण किती काम करते आणि किती वीज खाते ते बघायची. तिचं नावच पडलं मोजणीबाई. त्या मापांवरून ती एक गणित बांधत होती. त्यात काम घातलं की विजेचा अंदाज बाहेर. गणित पक्कं झालं, की कोणतं काम कुणाला द्यायचं आणि कुणाला बंद करायचं, ते बसल्या जागी कळणार होतं.

सगळ्यांचे अंदाज जुळले. माझा जुळेना. गणित सांगे त्याहून मी कितीतरी जास्त खात होते.

"म्हातारी खादाड झालीय," साहेब म्हणाले. "काढू भंगारात. तुमचं गणित बरोबर आहे हो, मशीनच बिघडलीय."

इमानानं राबलेल्या मला खादाड म्हणाले! मला तोंड असतं तर त्या दिवशी साहेबांची धडगत नव्हती. जायचं दुःख नव्हतं. पण असं नाव घेऊन जायचं?

"साहेब, माझं गणित जुळत नाही, हा तिचा गुन्हा कसा?" मोजणीबाई म्हणाली. "माझ्याकडूनच काहीतरी राहिलंय."

"एका म्हातारीपायी अडून बसणार का?"

"बसणार. आज ही जुळत नाही, उद्या आणखी दहा जुळणार नाहीत. मग काय, खोलीच भंगारात काढायची?"

पोरीची जीभ मला आवडली. माझ्याच वळणाची.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं माझ्या पुढच्या जाळीशी तळहात धरला. धरला तसा दचकून मागे घेतला. "साहेब, इकडे या. हात लावून बघा."

"अरेच्चा! इथे गरम कसं?"

मित्रांनो, आम्ही पुढून गार हवा घेतो आणि मागून गरम सोडतो. त्या खिंडारातून मागची गरम हवा पुढे येत होती, आणि तीच मी पुन्हा ओढत होते. अंग तापू नये म्हणून पंखे जिवाच्या आकांतानं फिरत होते. पंख्याचा वेग थोडा वाढला तरी वीज भरमसाट वाढते. माझं काम वाढलं नव्हतं, श्वास घ्यायचे कष्ट वाढले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही!

साहेबांनी स्वतःच्या हातानं पत्रा बसवला. "मी तर तिच्या भल्यासाठीच उघडं ठेवलं होतं," ते पुटपुटले.

"म्हणून तर कुणी तपासलं नाही, साहेब."

माझे पंखे निवले. मोजणीबाईनं गणितात समोरच्या हवेचा गरमपणाही घातला, आणि माझा अंदाज बरोब्बर जुळला. माझ्यावरचा डाग गेला.

पण खरं गणित कुणाची भीड ठेवत नाही. तेच गणित पुढे म्हणालं, की थोरली काही न करता नुसती बसली, तरी भरल्या कामाच्या निम्मी वीज खाते. तिचं उरलेलं काम दोन सुनांना सहज झेपेल.

साहेब चटकन म्हणाले, "काम काढून घ्या, पण ती चालू राहू दे. मी तिला नको ते बोललो. बसून बसून खाणार तरी किती?"

"निम्मं जेवण, साहेब. आणि त्यानं ती तापणार, म्हणजे तिला गार करायची वीज वेगळी."

साहेबांनी मला बंद करायला होकार दिला. माझं काम एकेक करून हललं. सगळं नीट पोचलंय ना, ते मोजणीबाईनं पडताळलं. आता मी रिकामी आहे. खायला काळ आणि भुईला भार. हे मला कुणी ऐकवण्याआधी मीच म्हणते.

पोरांनो, कुणाला खादाड म्हणण्याआधी त्याला कसली हवा मिळतेय ते बघा. आणि ज्याचं काम झालंय, त्याला मायेपोटी जळत ठेवू नका. मान द्यायचा तर वेळेवर निरोप द्या.

साहेबांचं बोट माझ्या बटणावर आहे. मेलं तिथेच अडलंय. अहो, दाबा की!