दुपारचं व्होल्टेज

"मशीनच नाजूक हाये तुयी," धोंडबा दारातूनच म्हणाले. "डब्ब्याचा काही दोष नाई. तो म्या पाहून घेतला."

आतल्या खोलीत करिष्माचं भरतकामाचं मशीन पुन्हा थांबलं होतं. स्टॅबिलायझरच्या डब्याने टकटक करून लाल दिवा लावला होता आणि निळ्या कापडावरचं चक्र बाराव्या आरीवर अडलं होतं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी तीनशे बिल्ले द्यायचे होते. आज दहा तारीख, आणि तयार होते एकशे चाळीस. सकाळी मशीन चालेल तेवढंच काम व्हायचं, दुपार सगळी फुकट. बिल्ले वेळेत मिळाले नाहीत तर पुढच्या वर्षी काम रायपूरला देऊ, असं समितीने तोंडावर सांगितलं होतं.

करिष्माचे सासरे धोंडबा, तिचे मामाजी, यांना रेग्युलेटरमधलं काही सांगायची रिसाली वस्तीत कुणाची टाप नव्हती. तेहतीस वर्षं त्यांनी पोलादाच्या प्लांटमध्ये गॅसच्या सिलिंडरांवरचे रेग्युलेटर दुरुस्त केले होते. चहाला आलेल्या पाहुण्यालाही कप खाली ठेवायच्या आत कळायचं, की सिलिंडरात दीडशे किलोचा दाब असला तरी लोखंड कापायच्या टॉर्चला पाचच किलो का जातो, आतल्या पडद्यावर स्प्रिंग कशी बसते आणि दाब वाढला की झडप आपली आपण कशी मिटते. शेवंताबाईंना हे सगळं तोंडपाठ झालं होतं. नवऱ्याचं उरलेलं वाक्य त्याच पुरं करायच्या आणि कप उचलून आत जायच्या.

माणूस हुशार, यात शंका नाही. पण सारी नोकरी प्लांटच्या, सेक्टर सहामधल्या क्वार्टरमध्ये गेली आणि तिथे दिवा मंद झालेला त्यांनी कधी पाहिलाच नाही. रिटायर होऊन रिसालीत घर बांधलं तरी डोक्यात क्वार्टरच. सुनेसाठी स्टॅबिलायझर घ्यायचं ठरलं तेव्हा पहिल्या पाळीच्या सवयीने त्यांनी सकाळी सहाला मीटरपाशी रीडिंग घेतलं. दोनशे अठरा व्होल्ट. मग मार्केटात जाऊन दुकानातला सगळ्यांत जड डबा निवडला आणि स्कूटरवर बांधून आणला. "एसी ओढते हा!" असं गल्लीभर सांगूनही झालं. सकाळी सहाला गल्लीतला एकही कूलर चालू नसतो, हे मात्र त्यांना सुचलं नाही.

करिष्मा कुम्हारी गावची, लग्नाआधी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालेली. डबा पाहिला त्याच दिवशी तिला शंका आली होती. पण एवढ्या हौसेने आणलेल्या वस्तूला नाव कसं ठेवायचं? तीन दिवस तिने जीभ आवरली आणि मल्टिमीटर हातात घेतला. आता मात्र तिने मशीनवरची वही उचलून त्यांच्यापुढे धरली.

वहीत तासातासाचं रीडिंग होतं, वेळ टाकून, खाली सही करून, अगदी प्लांटच्या लॉगबुकात असतं तसं. तोंडी सांगितलेलं मामाजी उडवून लावतील, लिहिलेलं नाही, हे ती ओळखून होती.

धोंडबांनी चष्मा लावला. सकाळी सहा, दोनशे सतरा. अकरा, एकशे नव्वद. दुपारी दोन, एकशे अडतीस.

"मीटर बिघडलं असन."

"दोन मीटरनं पाह्यलं, मामाजी."

"मंग डब्बा कावून नाई उचलत? दोनशेवीस द्याले पायजे त्यानं."

"एक विचारू? सिलिंडरात तीनच किलो उरलं अन् टॉर्चले पाच पायजे, त तुमचा रेग्युलेटर काय करन?"

"काय करन? बसन गप. आतच नाई त देईन कुठून?"

"हा वाढवून देते, पण एकशे सत्तर येऊन राहिलं तवरीच. त्याच्या खाली गेलं का हाही गप बसते. मांगं लिहून हाये."

धोंडबांनी डबा फिरवला. मागच्या पट्टीवर स्पष्ट छापलेलं होतं, एकशे सत्तर ते दोनशे सत्तर. वजनाच्या नादात त्यांनी ते वाचलंच नव्हतं. आत काय येतं ते आधी बघा, बाहेर काय पाहिजे ते मग, हे आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेलं. त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त स्वतःचाच राग आला.

"तीन दिवस चूप कावून राह्यली?"

"तुमी हौसेनं आणला होता."

त्यांनी वही मिटली. मग ते उठले. "चाल मार्केटात. वही घे संगं."

सेक्टर सहाच्या मार्केटात पोचले तेव्हा चार वाजले होते. दुकानदार चंपतने स्टूल पुसून पुढे केलं. "या उस्ताद! काय देऊ?"

"हिले विचार. तो डब्बा म्या चुकीचा नेला."

चंपतला ही थट्टाच वाटली. तो हसला.

"भाऊ, दुपारी एकशे अडतीस येते आमच्याकडं," करिष्मा म्हणाली. "शंभरापासून उचलणारा पायजे."

"हाये ना, उस्ताद," चंपत धोंडबांना म्हणाला.

"मशीन आठशे वॅटची हाये, पण मोटर सुरू होतानी जास्त ओढते. दोन केव्हीएच्या खाली नको."

"तसाही भेटन, उस्ताद."

"आतली वायंडिंग तांब्याची हाये का?"

"एकदम पूरी तांब्याची, उस्ताद. तुमाले काय सांगाचं!"

करिष्माने वही मिटून छातीशी धरली. धोंडबांनी तिच्याकडे पाहिलं आणि तीन दिवस ही पोरगी घरात का बोलली नाही, ते त्यांना नीट कळलं. ते स्टुलावरून उठले.

"मी स्कूटरपाशी हावो," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

बाहेर सावली नव्हती. स्कूटरची सीट इतकी तापली होती की हात टेकवत नव्हता. दुकानाकडे पाठ करून ते उन्हात उभे राहिले.

चंपतने रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं, मग दाराकडे. थोडा वेळ वाट बघून तो करिष्माकडे वळला.

"बोला, ताई. किती वॅटची म्हनली मशीन?"