रिकामी धरलेली वस्ती

आपत्ती कक्षातल्या वायरलेसवाल्याची थोरली बहीण नदीकाठच्या खालच्या वस्तीत राहायची. घरात एकटीच, आणि तिच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकलेले. दुपारी पुराचं पाणी वस्तीत शिरलं तेव्हा धडधाकट माणसं टेकडीकडे पळाली, ताई मागे राहिली. पण भाऊच सरकारी फोनपाशी बसलेला म्हटल्यावर तिला कसली काळजी, असं कुणालाही वाटलं असतं.

या कक्षात दरवर्षी पुराची रंगीत तालीम व्हायची. पोलीस, अग्निशमन, पाटबंधारे, सगळी खाती हजर. नकाशे, शिट्ट्या, फोटो. फक्त खालच्या वस्तीची गल्ली भारी अडचणीची. तिथली माणसं बाहेर काढायची तर सगळ्यांची जेवणाची वेळ टळायची. मग साहेबांनी तोडगा काढला, ती वस्ती रिकामी झाली असं धरून चालायचं. तालीम वेळेत संपायची, साहेबांची पाठ थोपटली जायची. धरून चालायला कुणाच्या बापाचं काय जातं!

आज खरं पाणी आलं आणि सगळे तालमीबरहुकूम वागले. दोन्ही होड्या वस्ती ओलांडून थेट पुलापलीकडच्या बाजारपेठेत गेल्या. वायरलेसवाल्याच्या ध्यानात येऊन त्याने त्यांना परत बोलावलं, तोवर पाणी पुलाला टेकलं होतं. पुलाखालून होडी परत यायला जागाच उरली नव्हती. तो साहेबांच्या अक्षरशः पाया पडला. साहेबांनी पोलिसांना विचारलं, पोलिसांनी अग्निशमनला, अग्निशमनने फिरून साहेबांना. शेवटी साहेब खुर्चीत मटकन बसले. त्यांचा उतरलेला चेहरा पाहून वायरलेसवाल्याला धड चिडताही येईना.

फोन वाजला. ताईच होती. पाणी पलंगाला लागलंय, असं शांतपणे सांगून तिने होडी कुठवर आली ते विचारलं.

त्याच्या तोंडातून निघालं ते तालमीत घोटलेलं वाक्य.

"मदत निघाली आहे. घाबरू नका. वरच्या मजल्यावर थांबा."

ताईच्या घराला वरचा मजला नव्हता. हे वाक्य त्याने तिच्याच पलंगावर बसून पाठ केलं होतं. तो अडखळला की ती हसून दुरुस्त करायची.



"छान म्हणतोस रे आता, बाळ्या," ती म्हणाली. "एकदाही अडखळला नाहीस."