त्या सुरावरची शिंक

मी कवळ्या बनवते. दंतवैद्य लोकांच्या तोंडाचे ठसे पाठवतात. आम्ही त्यात प्लास्टर ओततो, मेणात दात बसवतो, घासतो, चकाकी आणतो. एकोणतीस वर्षं झाली. खरं काय आणि खऱ्यासारखं काय, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते ऐकून माझीच माणसं मला म्हणाली, "तुला भास झाला असेल."

फाटक्याचे त्रेचाळीस कार्यक्रम मी पाहिलेत. फाटक्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. वरच्या पट्टीत गेला की त्याचा आवाज मधोमध टरकन फाटायचा, जुनी चादर फाडावी तसा. कुणीतरी चिडवायला म्हणालं आणि त्यानं तेच नाव पोस्टरवर छापलं. गिटार गळ्यात, केस डोळ्यांवर आणि तो आवाज. जाणकार नाकं मुरडायचे. मी मात्र त्या फाटण्यासाठीच जायचे, कारण ते दर वेळी वेगळ्या जागी व्हायचं. घरी त्याच्या सगळ्या रेकॉर्डी आहेत, पण मी त्या फारशा लावत नाही. स्टुडिओतला फाटक्या म्हणजे इस्त्री केलेला फाटक्या.

एकदा तो दुसरं कडवं विसरला. मी पहिल्या रांगेतून ओरडून सांगितलं, तर पठ्ठ्यानं "बरोबर आहे, बाई!" हेही चालीत म्हणून घेतलं. एकदा तार तुटून गालाला लागली. रक्त पुसत त्यानं पुढची तीन गाणी म्हटली. एकदा ताप होता, तर ढोलांच्या पेटाऱ्यावर बसून गायला. या असल्या गोष्टींसाठी मी रात्रभर बसनं प्रवास केलाय, नणंदेच्या साखरपुड्याला दांडी मारलीय. कार्यशाळेचे मालक तर सुट्टीचा अर्ज हातात घ्यायच्या आधीच विचारायचे, "फाटक्या कुठे आलाय?"

माझा नवरा वजनकाटे दुरुस्त करतो. शांत माणूस. त्याच्या मते हा सगळा गोंगाट. तो माझ्याबरोबर आयुष्यात दोनदाच आला, आणि दोन्ही वेळा या गोष्टीत आहेत.

पहिली वेळ अकरा वर्षांपूर्वीची. खेळाचं एक जुनं, बंदिस्त सभागृह होतं. कार्यक्रम रंगात आलेला आणि वीज गेली. दिवे, माइक, गिटार, सगळं मुकं. लोक शिट्ट्या मारायला लागले. तेवढ्यात अंधारात पावलं वाजली आणि फाटक्या मंचाच्या कडेला, आमच्यापासून दोन हातांवर येऊन बसला. आणि नुसत्या गळ्यानं गायला लागला. एक संथ गाणं होतं, बहिणीला उद्देशून लिहिलेलं. शेवटी एक सूर त्यानं धरला तो धरलाच. तीन हजार माणसं श्वास घ्यायची थांबली. तो सूर आता फाटणार, आता फाटणार, असं वाटत असताना माझ्या शेजारून आवाज आला,

"आऽऽक्छी!"

नवऱ्याची शिंक. तीही अशी तशी नाही, आधी उसासा, मग स्फोट आणि शेवटी बारीकसं "हुश्श". सूर मात्र तुटला नाही. शिंकेच्या अंगावरून तसाच पुढे गेला आणि मग फाटला.

माझ्याकडे एक चांगलं ध्वनिमुद्रण यंत्र होतं, ते मी दर कार्यक्रमाला मांडीवर चालू ठेवायचे. ते गाणं त्यात आलं, शिंकेसकट. मी नवऱ्याशी चार दिवस बोलले नाही. "अगं, धूळ होती तिथे," तो सांगत राहिला.

त्यानंतर फाटक्यानं ते गाणं कधी तसं म्हटलं नाही. दर कार्यक्रमाला मी चिठ्ठी पाठवायचे: ते गाणं, वाद्यांशिवाय, एकदाच. तो चिठ्ठी वाचून हसायचा आणि दुसरंच काहीतरी सुरू करायचा. मला त्याचा राग नव्हता. माणूस आहे, मनाला येईल ते गाईल. म्हणून तर जायचं.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या व्यवस्थापकाचा फोन आला. गोड बोलणारा माणूस. "ताई, तुमच्याकडे मोठा खजिना आहे असं ऐकलं. आम्ही संग्रह करतोय. पुढच्या पिढीसाठी." मी हरखून गेले. आठ रविवार बसून सगळी मुद्रणं उतरवली, प्रत्येकावर तारीख, ठिकाण, गाण्यांची यादी लिहिली आणि पाठवून दिली. उत्तरादाखल फाटक्याच्या सहीचं पत्र आलं. ते मी भिंतीवर लावलं.

मग या वर्षीचा दौरा जाहीर झाला. दीड वर्ष त्याचा कार्यक्रम झाला नव्हता. दुपारचा खेळ होता. जोडीला फाटक्याच्या चाहत्यांच्या आमच्या कंपूतली एक मैत्रीण येणार होती, ती आजारी पडली, म्हणून नवरा आला. कानात कापसाचे बोळे घालून.

पहिली पाच-सहा गाणी छान झाली. मला वाटलं, दीड वर्षाच्या विश्रांतीनं गळा सुधारलाय. नंतर वाद्यं थांबली, दिवे मंद झाले. फाटक्या मंचाच्या कडेला येऊन बसला. आणि ते गाणं सुरू झालं.

अकरा वर्षं मागत होते ते समोर होतं. शेजारची एक विशीतली मुलगी हुंदके देत होती. शेवटचा सूर लागला. मी डोळे मिटले.

"आऽऽक्छी!" आणि मागून बारीकसं "हुश्श".

मी डोळे उघडले. नवरा माझ्याकडे बघत होता. त्याचं तोंड बंद होतं. शिंक वरून, भोंग्यांतून आली होती. त्यानं कानातला बोळा काढला आणि माझं मनगट धरलं.

"अगं, ही माझी शिंक आहे."

"गप्प बसा."

"आईशपथ सांगतो. माझी शिंक मी ओळखणार नाही?"

समोर फाटक्या ओठ हलवत होता. डोळे मिटलेले, कपाळावर आठ्या, मान ताणलेली. सूर त्याच जागी फाटला. अगदी त्याच जागी. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. आजवर तो वाक्प्रचार मी नुसताच वापरत होते.

बाहेर पडल्यावर आमचा कंपू नेहमीसारखा सभागृहाच्या दारापाशी जमला. मी सरळ सांगून टाकलं. कुणी विश्वास ठेवायला तयार नाही. "भास झाला असेल", "कुणीतरी खरंच शिंकलं असेल", "दीड वर्षानं आलाय बिचारा, आणि तुझं हे काय?" ती हुंदके देणारी मुलगी मागेच उभी होती. ती म्हणाली, "माझी पहिलीच वेळ होती हो, काकू. कशाला सांगितलंत?"

मला तिचाही राग आला. फसवणाऱ्यावर कुणी चिडत नव्हतं, सांगणारीवर चिडत होते.

मागच्या दाराचा पहारेकरी मला ओळखतो, त्यानं सोडलं. व्यवस्थापक आडवा आला. "ताई, आज नको. दादा दमलेत."

"कशानं? ओठ हलवून?"

त्याचं हसू मावळलं. मी त्याला बाजूला सारून आत गेले.

फाटक्या आरशासमोर बसला होता, गळ्याभोवती गरम पाण्यात भिजवलेला पंचा. जवळून एवढा म्हातारा दिसेल असं वाटलं नव्हतं. मी आयुष्यात त्याच्याशी धड चार वाक्यं बोललेली नाही, मनातल्या मनात मात्र सत्तावीस वर्षं अरे-तुरे. तोंडाला आलं ते "तुम्ही".

"तुम्ही आज गायलात का?"

त्यानं आरशातून बघितलं आणि मानेनंच नाही म्हटलं. मग बोलला. बोलला म्हणजे काय, दाराखालून वारा यावा तसा आवाज. "आवाज जाऊन दीड वर्ष झालं. गळ्यात गाठी आहेत. शस्त्रक्रिया सांगितलीय. त्यानंतर आवाज राहील की नाही, सांगत नाहीत."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल, पण रागाच्या खाली कुठेतरी. "मग सांगायचं होतं ना तसं! पोस्टरवर काय छापलंय? 'जिवंत फाटक्या, पुन्हा एकदा'. आणि दाखवता काय? माझ्याकडनं संग्रह म्हणून मागून नेलेलं माझंच मुद्रण मलाच ऐकवता?"

"आवाज माझा आहे," तो कुजबुजला.

"आवाज तुमचा असेल. शिंक माझ्या नवऱ्याची आहे!"

तो हसला. हसण्याचा खोकला झाला आणि तो बराच वेळ थांबेना. मी पाणी दिलं नाही. नवऱ्यानं दिलं. हा माणूस कधी मागोमाग आत आला होता, कुणास ठाऊक.

खोकला थांबल्यावर फाटक्या उठून उभा राहिला. आता तोही चिडला होता. आवाज नसलेल्या माणसाचं चिडणं बघवत नाही, सगळं डोळ्यांत येतं. "अकरा वर्षं तू चिठ्ठ्या पाठवतेस. तेच गाणं. तसंच. मी नवीन चाळीस गाणी केली, त्यातलं एकतरी मागितलंस? तुला तो दिवस हवा होता. घे, दिला तो दिवस. जसाच्या तसा. आता का रडतेस?"

माझा राग दुप्पट झाला. "रडत नाहीये मी!" मी ओरडले. "तू एकदा मंचावर येऊन नुसतं म्हणाला असतास की गळा गेलाय, तर मी पायरीवर बसून तुझं गप्प बसणंसुद्धा ऐकलं असतं! आणि तू आम्हाला कवळी दाखवून हसतोस?"

'तुम्ही' कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

"तू ऐकलं असतंस," तो म्हणाला. "बाकीचे?" आणि त्यानं पाठ फिरवली.

परत येताना नवरा म्हणाला, "आजारी आहे माणूस. सोडून दे."

मी सोडलं नाही. घरी येऊन मूळ मुद्रण काढलं, गाण्याचा शेवट तेवढा कापला आणि कंपूतल्या सहा जणांना पाठवला. तारखेसकट. दोन तासांत सहाही जणांचे फोन. आता त्यांचाही तिळपापड. पुढच्या रविवारी दुपारी शेजारच्या शहरात खेळ होता. काय करायचं ते मीच सुचवलं. तेव्हा मला ते फार हुशारीचं वाटलं.

त्या रविवारी मी मागच्या रांगेत बसले, एकटी. वाद्यं थांबली, तो कडेला येऊन बसला, गाणं सुरू झालं. लांब सूर लागला. आणि शिंकेच्या जागी आमचे सहा जण सभागृहात सहा ठिकाणांहून एकदम शिंकले. निदान मला सहाच ठाऊक होते. प्रत्यक्षात पन्नास-साठ शिंका आल्या. मुद्रण हातोहात पसरलं होतं. मग हशा. सभागृह अक्षरशः फुटलं. ज्यांना काही ठाऊक नव्हतं तेही हसायला लागले.

फाटक्यानं डोळे उघडले. आणि तोंड मिटून घेतलं.

वरून सूर चालूच होता. अकरा वर्षांपूर्वीचा, तरुण, भरलेला. आणि खाली तो ओठ घट्ट मिटून बसलेला, हात गुडघ्यांवर, लोकांकडे सरळ बघत. सूर फाटला, गाणं संपलं, तरी तो तसाच. हशा कधी थांबला ते कळलं नाही. मग कुणीतरी शिवी दिली, कुणी बाटली फेकली, ती त्याच्या बुटाला लागली. तो उठला, गिटार नीट स्टँडवर ठेवली आणि आत गेला.

मला वाटलं होतं, माझा राग तिथे निवेल. निवला नाही. बाटली फेकणाऱ्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं, मग कंपूच्या, मग माझ्या स्वतःच्या.

दौरा रद्द झाला. पत्रकात "प्रकृतीच्या कारणास्तव" असं आलं. निम्मा कंपू माझ्याशी बोलत नाही. उरलेला निम्मा, मी काहीतरी मोठं काम केल्यासारखं बोलतो, तो मला जास्त खुपतो. व्यवस्थापकानं वकिलाकरवी पत्र पाठवण्याची धमकी दिली, पाठवलं नाही.

दीड महिन्यानं कार्यशाळेत फोन वाजला. हातात मेणाचा वरचा जबडा होता. पलीकडे आधी नुसता वारा.

"गुरुवारी कापणार आहेत गळा," वारा म्हणाला.

"बरं."

"ते शिंकणारे. तू पाठवलेले?"

"सहा. बाकीचे आपणहून आले."

पलीकडे खट्ट आवाज झाला. मला वाटलं, फोन ठेवला.

"फार वाईट केलंस."

"तूही," मी म्हणाले. "माझा राग गेलेला नाही."

"माझाही नाही," तो म्हणाला, आणि मग खरंच फोन ठेवला.

घरी गेल्यावर नवऱ्याला सांगितलं. काट्याचं पारडं पुसत त्यानं विचारलं, "माफी मागितली त्यानं?"

"नाही."

"आणि तू?"

"मी का मागू?" मी म्हणाले आणि गुरुवारच्या सुट्टीचा अर्ज लिहायला बसले. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. कारणाच्या जागी काय लिहावं ते सुचेना, तेव्हा 'घरगुती' असं लिहिलं.