झेंड्यावरचा समुद्र

गावच्या संताच्या उत्सवाच्या सकाळी स्पेनमधल्या विलामारेसा गावाच्या झेंड्यावरून समुद्र गळून गेला. झेंड्याच्या मधोमध गावाचं मानचिन्ह होतं: एक ढाल, ढालीत बुरूज, बुरुजाखाली निळ्या लाटा. लाटा नगरपालिकेच्या पायऱ्यांवर ठिबकल्या आणि एका कुत्र्याने त्या चाटून टाकल्या. झेंड्यात त्यांच्या जागी भोक उरलं. मग लोकांनी बंदराकडे पाहिलं. तिथलाही समुद्र गेला होता.

पार क्षितिजापाशी, कोरड्या वाळूत, अन्सेल्मोची नाव ठिपक्याएवढी उभी होती. त्याची बायको रेमेदिओस तान्ह्या लेकीला छातीशी बांधून वाळूत उतरली. पण ती जितकं चाले तितकी नाव लांब जाई. लेक मजेत दूध पीत होती. बापाने तिला अजून पाहिलंही नव्हतं.

रेमेदिओस परतली तोवर ढालीतला बुरूज भोकाकडे घसरू लागला होता आणि त्याच्यासोबत गावही. गल्ल्या उतरत्या झाल्या. समोरासमोरच्या खिडक्या इतक्या जवळ आल्या, की शेजारणी एकमेकींच्या ताटातलं खाऊ लागल्या.

"झेंड्यावर लाटा परत रंगवा की!" ती नगराध्यक्षांना म्हणाली.

"मानचिन्हात बदल करायला राजधानीची परवानगी लागते, बाई," नगराध्यक्ष एउसेबिओ म्हणाले. "आमच्या वडिलांनी ढालीवरच्या मुकुटात एक मोती वाढवून मागितला होता. अजून उत्तर यायचंय."

"आणि फाटलेलं दुरुस्त करायला?"

नगराध्यक्षांनी विचार केला. "त्याला नाही लागत."

"हिच्या हातात देताय?" सासूबाई फेर्मिना म्हणाल्या. "लग्नात रुमाल भर म्हटलं, तर हिने मासे ठेवायची पिशवी विणून दिली! आण ती पोर इकडे."

खरंच होतं. रेमेदिओसला शिवण येत नव्हती. तिला जाळी दुरुस्त करता येत होती. तिने निळा दोरा घेतला आणि गाठीला गाठ घालत भोकात जाळं विणलं. धक्क्यावरच्या बाकीच्या बायकाही येऊन बसल्या.

"हा झेंडा आहे की चाळण?" नगराध्यक्ष म्हणाले. "वारा आरपार जाईल. फडकणार कसा?"

"फडकवायचाय कुणाला?" रेमेदिओस म्हणाली.

झेंडा चढवला. तो फडकला नाही. त्याला फुगीर पोट आलं, काठी बंदराकडे वाकली आणि दोर ताठ झाला.

"अगं, लागलंय काहीतरी!" फेर्मिना ओरडल्या.

बायकांनी दोर धरला. होऽ हैया! पहिल्या हिसक्याला खारा वास आला, दुसऱ्याला फेस, आणि मग बंदरात समुद्रच चढू लागला. गल्ल्या सरळ झाल्या, खिडक्या आपापल्या जागी गेल्या. उत्सवाचे बँडवाले गुडघाभर पाण्यात वाजवत राहिले. सगळ्यात उंच लाटेवरून नाव थेट चौकात आली आणि अन्सेल्मोने उडी मारली.

"घे," फेर्मिनांनी पोर त्याच्याकडे दिली. "नाक तुझंच आहे, बिचारीचं."

तो बघतच राहिला. लेकीने त्याची दाढी मुठीत धरली. रेमेदिओस हसत होती, रडत होती, आणि ओढत होती.

"पुरे! सोडा आता!" नगराध्यक्ष ओरडले.

कुणीच सोडलं नाही. अन्सेल्मोने एका हाताने लेक पोटाशी घेतली, दुसऱ्याने बायकोच्या मागे दोर धरला. सगळ्यांनी मिळून हिसका दिला, आणि क्षितिजाची कड जागची सुटून, चुण्या पडत, गावाकडे येऊ लागली.